हळद्याचा डोळा

पेठ, ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. राजूस आपाचे अनेक दुवा, वि. वि.

माझ्या नातीच्या, आरफाच्या निकाहासाठी काढलेलं चित्र तुझ्या लेकानं, नौशादनं आणून दिलं. आपल्या घरची पोर सासरी निघाली की पाखराचं चित्र तिच्याबरोबर जातं, ही अब्बांची रीत तू मोडली न्हाईस, लई बरं वाटलं. हळद्या तर असा उतरलाय की हात लावला तर उडंल. पण अरे बाबा, तो बसलाय त्या चाफ्याच्या पाकळ्या निळ्या कशा? धुतल्या कपड्याला नीळ घालतात, चाफ्याला कुणी घालतं का?

आणि पाखराला डोळा न्हाई. अब्बा डोळा शेवटी भरायचे, आणि एकदा भरला की त्या चित्राला परत कुंचला लावायचे न्हाईत. बिनडोळ्याचं पाखरू त्यांनी कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं व्हतं का? तू काय शिकाऊ न्हाईस की विसरशील. म्हणून मला घोर लागलाय. फोनवर तू सगळं झकास म्हणतोस आणि विषय बदलतोस. तेव्हा आता स्वतःच्या हातानं पत्र लिही. अक्षर बघितलं की मला काय ते कळंल.

माया आहेच, उत्तर आलं की अजून वाढंल.

तुझी
नूरजहाँ आपा


जुन्नर, ता. ११ नोव्हेंबर २०२४

ती. आपास राजमहंमदचा कृ. सा. सलाम, वि. वि.

पत्र पावलं. अंगठा कापलाय, म्हणून मी सांगतो आणि सूनबाई लिहिते. चाफा निळा म्हणतेस याचं हसू आलं. सफेदा मी स्वतः खलला, दुधासारखा पांढरा आहे. तुझाच चष्मा जुना झाला असेल. डोळा मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. निकाहाच्या आधी पेठेला येऊन तुझ्यासमोर भरायचा विचार आहे. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये.

लोभ आहे, तो रागावण्यातही असू द्यावा.

तुझा
राजू

फूफी, यापुढचं अब्बांनी सांगितलेलं नाही. ते शेजारीच बसलेत, पण मी काय लिहिते ते त्यांना दिसत नाही. अंगठ्याला काही झालेलं नाही. पाखराचा डोळा त्यांनी रद्दी कागदावर कितीदा तरी करून बघितला, एकदाही जागेवर पडला नाही. शेवटी चित्र तसंच फडक्यात बांधून नौशादच्या हाती दिलं. मोतीबिंदू आहे हे आम्हाला कळतं, पण दवाखान्याचं नाव काढलं की ते ताटावरून उठतात. म्हणतात, आहे ते धूसर का होईना दिसतंय, तेही गेलं तर या हातांचं मी काय करू? काल भिंतीकडे तोंड करून रडत होते. ते तुमचंच ऐकतील. – फरहा


पेठ, ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. राजूस दुवा, वि. वि.

फरहा, हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव.

राजू, तुझंच खरं निघालं. चष्मा न्हाई, माझे डोळेच गेलेत. परवा भाकरी तव्याऐवजी चुलीत टाकली. मंचरला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय, पण मला लई भ्या वाटतं. पोरांबरोबर गेले तर म्हातारी भ्याली म्हणून साऱ्या गावात होईल. लहानपणी तू विहिरीत उतरायला भ्यायचास, तेव्हा आदी मी उतरायचे. त्याची फेड आता कर. तू काही करू नकोस, नुसता बाकड्यावर बसून ऱ्हा.

न्हाई म्हणालास तर या घरचा चहा तुला बंद. बाकी माया हाय तशी हाय.

तुझी
आपा


जुन्नर, ता. १४ डिसेंबर २०२४

ती. आपास कृ. सा. सलाम, वि. वि.

अक्षर बघ. माझं आहे.

मंचरला डॉक्टरीणबाईंनी तुझे डोळे तपासले आणि म्हणाल्या, आजी, तुम्ही अजून सुईत दोरा ओवाल. तेव्हा तू माझा दंड धरून म्हणालीस, आलोच आहोत तर याचेही बघा. कुणी कुणाला सोबत आणलं ते तिथं कळलं. संतापून उठणारच होतो, पण तू माझा दंड सोडेचनास. तू खरोखरच भ्याली होतीस, फक्त माझ्यासाठी.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि आधी फरहाची ओढणी दिसली. वर्षभर मी ती मातकट समजत होतो, ती आंब्याच्या पालवीच्या रंगाची निघाली. मला रडू आलं, तीही रडली. मग घरातली चित्रं काढून बघितली. सगळा मोगरा निळा, सगळे बगळे निळे. पांढरं मला पिवळट दिसायचं, म्हणून सफेद्यात नीळ वाढवत गेलो. घरातल्यांनी माझ्या रागाला भिऊन तोंड उघडलं नाही. तू एकटी बोललीस.

आता ऐक. नौशाद रविवारी येतोय, चित्र त्याच्याकडे दे. त्या दिवशी डोळा जमला असता, तर अब्बांच्या रीतीनं मला चाफ्याला परत हात लावता आला नसता, आरफा निळा चाफा घेऊन सासरी गेली असती. जमला नाही म्हणून चित्र अजून उघडं आहे. बारीक कामाला डॉक्टरांनी थोडं थांबायला सांगितलंय, निकाहाला अजून अवकाश आहे. पाकळ्या इथं पांढऱ्या करीन.

डोळा मात्र पेठेला येऊन तुझ्यासमोर भरीन. मागच्या पत्रात मारलेल्या थापांपैकी तेवढी एक खरी करायची आहे. चहा चालू ठेव.

लोभ आहेच, तो असाच लबाडीनं वाढवावा.

तुझा
राजू