गाडी मागे घ्यावी लागत नाही अशी जागा

शनिवार, तारीख नऊ, दुपार

चि. थोरल्यास आईचा आशीर्वाद. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते.

तुझा विसराळूपणा मला नवा नाही. शाळेत असताना डबा विसरायचास, छत्री विसरायचास. एकदा तर धाकटीला शाळेच्या फाटकाशी विसरून एकटाच घरी आलास आणि हात धुऊन जेवायला बसलास. "बहीण कुठाय?" म्हटलं, तर म्हणालास, "कुठली?" तेव्हा दोन वर्षांत तुला आईच्या घराचा रस्ता आठवला नाही, याचं मी फार मनावर घेत नाही. रविवारी फोनवर "बरी आहेस ना?" एवढं विचारतोस आणि फोन सूनबाईच्या हातात देतोस, तेही पुष्कळ.

अक्षर नोंदणीवाल्या बाईचं आहे. ही इथल्या कॅम्पच्या कचेरीत बसते, येणाऱ्या गाड्यांची नोंद वहीत करते. आज गाड्या कमी आहेत म्हणून माझं लिहायला तयार झाली. धाकटी आणि जावई बाहेर पाण्याचे नळ उघडून बघताहेत. पत्र धाकटीनेही लिहून दिलं असतं, पण मला तिच्याकडून लिहून घ्यायचं नव्हतं. फोनवर सांगायला गेले असते तर तू "असू दे, आई" म्हणून मध्येच तोडलं असतंस.

बातमी अशी, की पुढच्या महिन्यात मुलांना सुट्टी लागली की आपण सगळ्यांनी पूर्वीसारखं चार दिवस कॅम्पवर जायचं, असं धाकटीने ठरवलं आहे. घरगाडी तिच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, ती जावयाने धुतली. आतली गादी उन्हात टाकली, शेगडी पेटते का पाहिलं. पेटते. जागा निवडायचं काम माझ्याकडे आलं. धाकटी म्हणाली, "आई, तू हो म्हणशील तिथे जायचं." म्हणजे पुढे कुणाला काही आवडलं नाही तर शिव्या मला.

तीन जागा पाहिल्या.

पहिली तळ्याकाठची. झाडं दाट, न्हाणीघरात गरम पाणी, मुलांना घसरगुंडी आणि झोपाळे. स्वच्छता अशी, की जावई चपला बाहेर काढायला निघाला होता. मी म्हटलं, "इथे डास आहेत." धाकटी म्हणाली, "आई, एकही डास नाही." मी म्हटलं, "संध्याकाळी येतील."

दुसरी मोठी होती. दुकान, पोहण्याचा तलाव, कपडे धुण्याचं यंत्र. तिथला व्यवस्थापक नकाशा घेऊन आमच्यापुढे चालत होता. नकाशा त्याने मला दिला आणि मी तो उलटा धरून मान हलवली. म्हणाला, "आजी, गाडी जागेवर मागे घ्यायची चिंता नको. आमचा माणूस मागे उभा राहून खुणा करतो." मी म्हटलं, "तुमच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो." बिचाऱ्याने पेलाभर पिऊन पाहिलं.

तिसरी ही. इथे सावली नाही. दोन झोपाळ्यांपैकी एकाची साखळी तुटलेली आहे. न्हाणीघर इतकं लांब, की परत येईपर्यंत माणूस पुन्हा धुळीने माखेल. पलीकडे मोठा रस्ता, ट्रक सारखे जातात. जावई म्हणाला, "आई, ही तर बस थांबायची जागा वाटते." मी म्हटलं, "मला हीच आवडली." धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मग त्या आखलेल्या जागांकडे पाहिलं.

इथे प्रत्येक जागेला दोन्हीकडून रस्ता आहे. गाडी एका बाजूने सरळ आत यायची, चार दिवस उभी राहायची आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडायची. मागे घ्यावी लागत नाही. मागे कुणाला उभं राहावं लागत नाही.

तुझे बाबा होते तेव्हा आपली रीत होती. जागेवर गेलं की गाडी मागे घेताना एकाने मागच्या बाजूला उभं राहायचं आणि पत्र्यावर हाताने ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे ये अजून. ओरडलेलं इंजिनाच्या आवाजात कळत नाही, ठोका अंगातून कळतो, असं ते म्हणायचे. मग ते चाकाखाली लाकडी पाचर सरकवायचे, आतल्या टेबलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचे आणि सांडला की पाचर काढून पुन्हा लावायचे. तो चहा त्यांनी कधी गरम प्यायला नाही.

दोन वर्षांमागे तू गाडी मागे घेत होतास आणि ठोके मी देत होते. हे सगळ्यांना माहीत आहे. मी एकच ठोका दिला आणि तू दोन समजलास, हेही सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांच्या कागदात तसंच आहे. शेवटी अपघात म्हणून तो कागद मिटला. तू त्या दिवसापासून चाकाला हात लावला नाहीस. बसने कामावर जातोस, तास-दीड तास.

गेल्या रविवारी तू फोन सूनबाईकडे दिलास आणि आंघोळीला गेलास, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, यांनी कान तपासून घेतले. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. दोघंही म्हणाले, कान ठणठणीत आहेत. तरी हे म्हणतात, तपासणी चुकली असेल."

मी फोन ठेवला आणि भांडी घासली. सगळी घासून झाल्यावर पुन्हा घासली.

थोरल्या, तुझे कान चांगले आहेत. तू दोन ठोके ऐकलेस, कारण मी दोन दिले.

नोंदणीवाली बाई थांबली होती. मी तिला म्हटलं, लिही. ती लिहिते आहे.

त्या दिवशी शेजारच्या गाडीतली बाई पडदे वाळत घालत होती. निळ्या कापडावर पांढऱ्या रेघा होत्या. मी तिला विचारलं, कापड कुठून आणलं. ती सांगत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. बाबा नळावर गेलेत असं मी धरून चालले होते. ते पाचर घेऊन चाकामागे वाकले होते. गाडी थांबेपर्यंत त्यांना धीर कुठला. मी न बघता दोनदा ठोकलं. एवढंच झालं. त्या कापडाचं दुकान मला अजून आठवतं.

पोलिसाने विचारलं तेव्हा तू म्हणालास, "मी दोन ऐकले." त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "एक." ते तोंडातून कसं आलं, मी खूप वेळा आठवून पाहिलं आहे. घाबरले होते असं म्हणावं तर तसंही काही आठवत नाही. आत काहीच नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच म्हणालास, "मग एकच असेल. आई चुकणार नाही." त्याने लिहिलं, मला वाचून दाखवलं. मला अक्षर येत नाही, पण ऐकू नीट येतं. मी ऐकलं आणि अंगठा दिला. शाई पुसायला त्याने कागदाचा तुकडाही दिला होता. अंगठ्याच्या रेघांत ती दोन-तीन दिवस राहिली. घर माणसांनी भरलं होतं, कुणी बघितली नाही.

तेव्हापासून मी जेवते, झोपते, औषध घेते. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तुझ्यासमोर आले असते तर सांगून टाकलं असतं, म्हणून मी आले नाही. तू का आला नाहीस हे मला माहीत होतं. तरी वर मी तुलाच विसराळू म्हटलं. ते खोडायला सांगणार होते, मग म्हटलं राहू दे. धाकटीला तू फाटकाशी विसरलास ते तरी खरं आहे.

मला माफ कर असं मी लिहून घेत नाही. ते तुझं तू बघ. मला एवढंच हवं आहे, की तू डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ नयेस. आणि धाकटीला मी आज परत जाताना गाडीतच सांगणार आहे. तिने हे तुझ्या तोंडून ऐकणं बरं नाही. पोलिसांत पुन्हा सांगायला हवं असेल तर तू म्हणशील त्या दिवशी येईन.

जागा क्रमांक अकरा आपल्या नावावर लिहिली आहे. चार दिवस, एक घरगाडी, दोन तंबू. माणसं किती, असं बाईने विचारलं. मी म्हटलं, एका माणसाची जागा मोकळी ठेव वहीत.

बाईने सगळं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. तिच्या टेबलावर शिक्क्याची शाई आहे, म्हणून खाली अंगठा देते. या वेळी वाचलेलं खरं आहे.

तुझी,
आई

ता. क. उत्तर लिहू नकोस, ते मला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. सूनबाई आणि मुलं येणारच आहेत, त्यांच्याबरोबर बटाटे पाठव. तू येणार नसलास तर उकडून पाठव, सालीसकट, मी मिठाबरोबर खाईन. येणार असलास तर कच्चे पाठव, मोठे बघून. बाबांच्या मागे निखाऱ्यात न करपवता भाजणारा आपल्यात तूच आहेस, आणि मला दुसऱ्या कुणाच्या हातचे चालत नाहीत.