टेबलावर ठेवलेला पाऊच

आंग मो किओ, सिंगापूर,
बुधवार, १० ऑगस्ट २०१६

प्रिय दादा,

एकाच शहरात राहून बहीण टपालाने पत्र पाठवते याचं तुला हसू येईल. हसून घे. फोनवर तिसऱ्या वाक्याला तू ‘मुद्द्यावर ये’ म्हणतोस, आणि व्हॉट्सॅपवर माझ्या शेवटच्या दोन मेसेजना निळ्या खुणा देऊन गप्प बसलायस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग.

काल तुझ्या लेकीने शनिवारच्या भाषणाच्या स्लाइड्स पाठवल्या. अनघाला मराठी शुद्धलेखन तपासून हवं होतं. खाली लिहिलंय, ‘पप्पा सो स्ट्रेस्ड, लाह.’ असणारच. ‘मेक्सिकोत मोटारीने सुरक्षित कसे फिरावे’ या विषयावर आपल्या मराठी मंडळात व्याख्यान, नियम अकरा, वक्ते आमचे बंधुराज. आयुष्यात सात दिवस मेक्सिको पाहिलं, तेही काचा वर करून, आणि आता चाळीस कुटुंबांपुढे अक्कल पाजळायची. तुझी नोकरीच ती. शिपिंग कंपनीच्या सेफ्टी खात्यात वीस वर्षं ‘जिना उतरताना कठडा धरा’ अशी पोस्टरं लावलीस. पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो तेव्हा बमबोटीत, त्या बारक्या मोटारहोडीत, चढण्याआधी धक्क्यावर उभं करून आम्हाला वीस मिनिटं सूचना दिल्या होत्यास. तो म्हातारा नावाडी आपल्याला सोडून दुसरी माणसं घेऊन गेला, आठवतं?

फेब्रुवारीत मला कंपनीच्या कामाला मेक्सिकोत, ग्वादालाहाराला जायचं होतं. तू आणि सुचित्रावहिनी सोबत निघालात, काम झाल्यावर गाडी घेऊन फिरू म्हणालात, तेव्हा खरं सांगते, मला फार आनंद झाला होता. आई गेल्यापासून आपण एकत्र कुठे गेलोच नव्हतो. विमानतळावर तू प्लास्टिकचं आवरण घातलेले नियम हातात ठेवलेस आणि त्या आनंदाची वाट लागली. टोलच्याच रस्त्याने जायचं. टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा. वहिनीचं मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवायला लावलंस, बिचारी सात दिवस मोकळ्या गळ्याला हात लावत बसली होती. आणि तिघांचे पासपोर्ट एका काळ्या पाऊचमध्ये, तुझ्या कमरेला, कारण आम्हा बायकांना वस्तू सांभाळता येत नाहीत.

नियम वाईट होते असं मी म्हणत नाही. वाईट हे की ते सगळे समोरच्या माणसासाठी होते.

ग्वानाह्वातोच्या वाटेवरची ती खाणावळ तुझ्या नवव्या स्लाइडवर आहे. निळं छप्पर, चार टेबलं, मोठ्या तव्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजणारी एल्विराबाई. एकच टेबल रिकामं होतं. तू कमरेचा पाऊच सोडलास, त्या टेबलावर ठेवलास आणि गाडीचं लॉक तिसऱ्यांदा तपासायला गेलास. इथे हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, टिश्यूचं पाकीट ठेवून आपण जागा धरतो ना, अगदी तसंच. सिंगापुरात माणसं टेबलावर फोन टाकून जातात आणि ताट घेऊन येईपर्यंत तो तिथेच असतो. ती सवय. वहिनी बाथरूममध्ये होती, मी हात धूत होते, आणि नळापासून मी तुला पाऊच ठेवताना पाहिलं.

तू परत आलास तर टेबल मोकळं. मग जो तमाशा केलास तो वहिनीला अजून आठवतो. गस्तीचे दोन पोलीस तिथेच जेवत होते, ते उठून आले. काय झालं, त्यांनी विचारलं. हातातून हिसकावला, तू म्हणालास. मला म्हणालास, सांग त्यांना. आपल्या तिघांत स्पॅनिश मला एकटीला येतं, दादा. मी सांगितलं. हातातून हिसकावला, शब्दन् शब्द. पोलिसाने लिहून घेतलं.

आणि मागच्या दारातून एल्विराबाई आली, एप्रनमध्ये गुंडाळलेला पाऊच घेऊन. रस्त्यावरची माणसं येतात-जातात, असं उघड्यावर कुणी ठेवतं का, म्हणून तिने आत पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. वर मलाच रागावली. तिघांचे पासपोर्ट जसेच्या तसे. पण पाऊच तिच्या हातात दिसला आणि पोलिसांनी तिलाच चोर म्हणून धरलं. त्या क्षणी तू एवढंच म्हणायचं होतंस की चूक माझी. मराठीत म्हणाला असतास तरी मी पुढचं निभावलं असतं. तू मात्र माझ्या कानाशी लागलास, आता शब्द फिरवला तर आपणच खोटे ठरू, गप्प बस. सेफ्टीवाल्याने पासपोर्ट टेबलावर टाकले हे कबूल करण्यापेक्षा एक बाई पोलिसांच्या गाडीत बसलेली तुला परवडली. अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा होता, म्हणून आपण निघालोसुद्धा.

मी गप्प बसले. सहा महिने तुझ्या नावाने बोटं मोडतेय, पण त्या दिवशी मीही मूग गिळून बसले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दादाने गप्प बस म्हटलं म्हणून. तुझी मला किळस येते आणि तेवढीच माझी. निघताना मी बाईच्या मुलीच्या हातात माझं कार्ड ठेवलं, एवढाच काय तो माझा पराक्रम.

त्या मुलीचं पत्र जूनमध्ये आलं. आईला दोन दिवसांनी सोडलं, पण तक्रार उभी आहे, आणि तक्रारदार ती मागे घेत नाही तोवर खाणावळ उघडायची परवानगी नाही. फेब्रुवारीपासून चूल बंद आहे. एल्विराबाई आता दुसऱ्यांच्या घरी कपडे धुते. मुलीने तुझ्या सहीचा एक कागद मागितलाय, बाकी काही नाही. हे मी तुला कळवलं तेव्हा तुझं एका ओळीचं उत्तर आलं, असल्या पत्रांना उत्तर देऊ नये, फसवणूक असते. आणि आता नवव्या स्लाइडवर तिच्या छपराचा फोटो, खाली लाल अक्षरांत, ‘स्थानिकांवर विश्वास ठेवू नका.’ शुद्धलेखन बरोबर आहे, तपासलं मी.

तर मुद्द्यावर येते. सोबत दोन कागद आहेत. एकात मी पाहिलं ते आणि खोटं सांगितलं ते, दोन्ही लिहून सही केलीय. तो उद्या कुरियरने जाणार, त्याला तुझी परवानगी नको. दुसरा तुझ्यासाठी, तक्रार मागे घेत असल्याचा. वर स्पॅनिश, खाली मराठी, म्हणजे कशावर सही करतोयस ते कळलं नाही म्हणायला नको. शुक्रवारी सहा वाजता मी तुझ्या ऑफिसच्या खाली उभी असेन, कागद तिथे आणून दे. नाही आणलास तर शनिवारी मी पहिल्या रांगेत बसेन, अनघाच्या शेजारी. नववी स्लाइड आली की उठेन आणि तुझ्या लेकीसमोर सांगेन की पाऊच टेबलावर होता.

तुझीच,
सुलेखा