गोळी बंद केल्यावरचा महिना

९ ऑगस्ट
साताऱ्याला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. एकटीच. आत्या म्हणाल्या, "पुटकुळ्यांला कुनी डागदर करतंय व्हय? त्वांड नीट धुवत न्हाईस तू." सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे. बाकी आत्याची माया काही आपल्या नशिबात नाही.
मॅडमनी भिंगातून नाक बघितलं. ते काळे ठिपके म्हणजे मळ नव्हेच म्हणे. छिद्रात तेल अडकतं, वरून उघडं असलं की हवा लागून काळं पडतं. बंद राहिलं की पांढरं. आणि मी इतकी वर्षं डाळीचं पीठ, लिंबू, एकदा तर टाच घासायची वजरी! वजरीचं सांगितल्यावर मॅडमनी कपाळाला हात लावला.
जबड्याखालच्या गाठी मात्र खोलातल्या. खड्डे पाडून जाणार. त्याला सहा महिने गोळी. आधी लघवी तपासली. अट एकच, दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येऊ शकतं. गोळी थांबल्यावरसुद्धा पुढं एक महिना जपायचं. मी म्हटलं, मालक फौजेत, आसामला. चैत्रात जत्रेला येणार. वाऱ्यानं राहतात होय दिवस? मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडून सगळं परत म्हणवून घेतलं, शाळेतल्या पोरीसारखं.

२७ ऑगस्ट
आधीपेक्षा जास्त उठलंय. असं होतं म्हणे सुरुवातीला. ओठ फाटलेत, तूप लावून लावून कंटाळा. दुपारी ठेचा खाल्ला आणि अक्षरशः रडले.
ह्यांना फोनवर गोळीचं, महिनाभराचं, सगळं सांगितलं. "बरं बरं." आवाज तुटत होता. किती ऐकलं देव जाणे.

१८ ऑक्टोबर
गाठी बसल्या! उशीच्या अभ्र्यावर आठवडाभर रक्ताचा डाग नाही. कूस बदलताना गाल दुखत नाही.
व्हिडिओ कॉलला एरवी फोन लांब, छपराकडं धरायची. हे म्हणायचे, छपराशी लग्न लागलंय का माझं. आज जवळ धरला. डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाले, "कोण बोलतंय?" येडा माणूस. दिवसभर आपली हसतेय.

४ डिसेंबर
सुट्टी आत्ताच मंजूर झाली. चैत्रात दुसऱ्या कुणाला तरी जायचंय. पाच दिवसांनी येतायत.
आत्यांनी घर डोक्यावर घेतलंय. भांडी घासताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "औंदाची सुट्टी रिकामी जाऊ देऊ नगंस." तीन वर्षं झाली लग्नाला. दर सुट्टीनंतरचा तो एक महिना सगळं घर माझ्याकडं बघत बसतं, आणि मग बघायचं सोडतं.
आजपासून गोळी बंद. मॅडमचा फोन लागला नाही.

१० डिसेंबर
आले. तिकडूनच 'ते' आणलंय. फोनवरचं सगळं लक्षात ठेवलं होतं! बोलत नाही हा माणूस, पण ऐकतो. फार बरं वाटलं.

१७ डिसेंबर
आणलेलं संपलं. वडूजचा मेडिकलवाला ह्यांच्या वर्गातला. "त्याच्याकडं मागू? सगळ्या गावाला सांगंल गं." सीमेवर उभं राहायला भीती नाही, दुकानात तोंड उघडायला लाज. साताऱ्यास्नं आणतो म्हणाले. मग कांद्याची काढणी निघाली. मग ह्यांच्या मामांकडं जेवण. त्या रात्री म्हणाले,
"गोळी सोडून बारा-तेरा दिवस झाले की. आता काय ऱ्हायलंय अंगात?"
मलाही पटलं. पटवूनच घेतलं म्हणा.

३ जानेवारी
गेले. वडूजच्या स्टँडवर नेहमीसारखं मागं न बघता.

१२ जानेवारी
दोन रेघा. पट्टी मुद्दाम लांबून, साताऱ्याहून आणली होती.
आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू. घटकाभर नुसता आनंद. मग ते आठवलं आणि मोरीतच खाली बसले.

१४ जानेवारी
संक्रांत. सुगडाचं वाण घेऊन देवळात ववसायला गेलो. मी चकार शब्द काढला नव्हता, पण दोनदा ओकताना बघितलं असणार. आत्यांनी देवीपुढं सुगड ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आये, ऐकलंस गं." वाटेत माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू नगं उचलूस." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.
कसं सांगू. कुठल्या तोंडानं सांगू.

१६ जानेवारी
मॅडमनी तारखा विचारल्या आणि पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. बाळंतपणाच्या डॉक्टरांकडं पाठवलं.
तिथल्या बाई म्हणाल्या, कदाचित काहीच होणार नाही. कदाचित कान, हृदय, डोकं. सोनोग्राफीत सगळं दिसत नाही, आणि दिसतं तेही उशिरा. ठेवायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, पण लवकर. मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर? म्हणाल्या, हे मी सांगू शकत नाही.

१७ जानेवारी
फोन लागला. ह्यांना रडताना पहिल्यांदा ऐकलं. मग, "तू म्हणशील तसं."
मी म्हणेन तसं म्हणजे कसं? दुकानात जाताना दोघांची लाज होती, आता ठरवायला मी एकटी? फोन ठेवून दिला. नंतर वाईट वाटलं. तिथं थंडीत बिचारा कुणाशी बोलणार.

१९ जानेवारी
आत्यांना सगळं सांगितलं, गोळीचं आणि कदाचित काढावं लागेल तेही. सुपातली बाजरी पाखडत होत्या. सूप थांबलं.
"आन् पुन्यांदा ऱ्हाईल का?"
माहीत नाही म्हटलं.
उठून कामाला लागल्या. म्हशीची धार काढली, भाकरी टाकल्या, पदरानं डोळे पुसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी
सकाळी मी निघाले तर आत्या इरकल नेसून दारात उभ्या. "मी येती."
एसटीत शेजारच्या गावची एक ओळखीची बाई समोर बसली. माझ्याकडं निरखून बघितलं. "सून व्हय? आगं बया, काय तेज आलंय पोरीच्या तोंडावर! ग्वाड बातमी हाय वाटतं?"
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
आत्या म्हणाल्या, "न्हाई. त्वांडाला औषध चालू हाय तिच्या."
आणि पदराआड माझा हात धरला. साताऱ्यापर्यंत सोडला नाही.
आता दवाखान्याबाहेर बाकावर बसलोय. आत गेलं की डॉक्टर विचारणार, काय ठरलं. मघाशी आत्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्ही म्हणाल ते करते. त्यांनी नुसती मान हलवली. "माझ्यानं न्हाई हुयाचं, बाई."
नाव पुकारलं. आत्या उठल्यात. मी अजून लिहीतच बसलेय.