चक्कर कशाने येते

३ मार्च
परत पडले! गिऱ्हाइकाची पॅन्ट आखायला शिलाई मशीनवरून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शुद्धीवर आले ती टेबलाखालच्या चिंध्यांत. दोन मिनिटांत ठणठणीत. गिऱ्हाईक बिचारं माझ्यापेक्षा पांढरंफटक.

मुलगा म्हणाला, "कारण सापडेपर्यंत दुकानाला कुलूप." हे वारले त्याला दोन महिने झाले. दुकानही गेलं, तर दिवसभर घरात करू काय? भिंतींशी बोलू?

६ मार्च
डोक्याचा स्कॅन. काही नाही.

९ मार्च
मानेच्या नसा पाहिल्या, रक्त काढलं, दिवसभर छातीला वायरी. सगळं नॉर्मल! मुलगा खूश व्हायचं सोडून वैतागला. "मोठ्या हॉस्पिटलात दाखवू." माझ्या काळजीने अर्धा झालाय. पण मला कुणी काही विचारतच नाही. सगळे मशीनला विचारतात.

१३ मार्च
सून मला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, गुपचूप. त्यांनी ईसीजी पाहिला, बाकी जाडजूड फाइल बाजूला सारली आणि विचारत बसले. पडण्याआधी काय करत होतात? बसून उठलात का? मग आडवं करून प्रेशर घेतलं, उभं करून पुन्हा. उभं राहिल्यावर पार खाली.

"प्रेशरच्या गोळ्या किती घेता?"

"दोन."

"मी तर एकच दिलीय."

सांगावंच लागलं. प्रेशर आम्हा दोघांनाही. रोज सकाळी आठला मी दोन गोळ्या काढायची — एक माझी, एक यांची. हे गेल्यावरही हात दोनच काढायचा. काढलेली परत ठेवायला जीव होईना. मग मीच घेऊन टाकायची.

डॉक्टर म्हणाले, "त्यांची बंद करा. आणखी तपासण्या नकोत. पुढच्या आठवड्यात प्रेशर दाखवा. आणि उठताना जरा दमाने."

१४ मार्च
सुनेने मुलाला सांगितलं. वाटलं, आता ओरडणार. "बाबांच्या?" एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवून गेला.

२१ मार्च
प्रेशर ठीक. शिलाईचा ढीग साचलाय.

९ एप्रिल
चक्कर नाही. सकाळी आठला हाताने आपोआप एकच गोळी काढली. यांची आठवणसुद्धा झाली नाही. मग स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडले. हे गेले त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.