हॉलमधला वड आणि देवाचं पाणी

मंगळवार, अवसरी

आजही पानं पडलीच. माहेरून आणलेला माझा एवढासा बोन्साय वड टकला होत चाललाय. मीच त्याला बेडरूममधून हॉलमध्ये हलवला, त्याचाच हा राग, असं धरून बसले होते. पण माती ओली कशी? मी तर पाणी कधीचं बंद केलंय. रोज बोट खुपसते, रोज ओली.

सकाळी कळलं. सासूबाईंनी पूजा उरकली आणि देवांच्या आंघोळीचं तांब्याभर पाणी सरळ वडाच्या कुंडीत!

"आई, रोज घालता?"

"मग? देवाचं पाणी पायाखाली जाऊ द्यायचं नसतं. आधी तुळशीला घालत व्हते. आता घरात वड आलाय, मान त्याचा."

चिडले होते, पण हे ऐकून राग ओसरला. माझ्या माहेरच्या वस्तूला या घरात कुणी मान देईल असं वाटलं नव्हतं. मुळं कुजतील म्हणायचं जिवावर आलं. शेवटी त्यांचंच बोट धरून मातीत खुपसलं.

"लई गार हाय गं."

"तेच तर. माती सुकेपर्यंत पाणी नको त्याला."

मग वड खिडकीच्या उजेडात ठेवला. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकलं. तुळशीतच, दुसरीकडे कुठे!

आत्ता दिवा लावून सासूबाई वडापाशी गेल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांनी आपणहून बोट खुपसलं, पदराला पुसलं आणि मला हाक मारली, "अजून ओलं हाय. उद्या त्याला उपास."