नीलाच्या कॉलेजचे नाव न लिहिण्याबाबत

मी, हरी रामचंद्र कणबर्गीकर, वय वर्षे सहासष्ट, धंदा गुरांचा डॉक्टर, राहणार खडेबाजार, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. ती बिघडली असे आमच्या घरच्यांचे मत सन १९०१ पासून आहे, ते कोर्टाने जमेस धरू नये. घरात वकील असूनही हा मजकूर वकिलाला विचारून लिहिलेला नाही. कारण तो वकील म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्तोपंत, आणि या कागदातले निम्मे भांडण त्याच्याशीच आहे.

कलम १. खडेबाजारातले माझे घर स्वकष्टार्जित आहे. वडिलांची त्यात एक वीटही नाही. वडील नामांकित वकील होते. थोरल्या मुलाने कोर्ट सोडून गोठ्यात जावे, हे त्यांना अखेरपर्यंत सोसले नाही. मुंबईच्या गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात मी नाव घातले, तेव्हापासून घरच्या पंगतीत माझा पाट दाराबाहेर मांडला जाई. मी तिथे बसून दोन पोळ्या जास्तच खात असे. तर हे घर माझ्या पश्चात दत्तोपंतांची नात नीला हिचे व्हावे. पोरीचे वडील हयात नाहीत. ती यंदा मॅट्रिक पास झाली आहे. तिच्या कॉलेजचा सगळा खर्च खालच्या दुकानाच्या भाड्यातून चालावा. ही व्यवस्था नीलाच्या शाळेचे मारुतीराव मास्तर यांनी पाहावी.

कलम २. कॉलेज कोणते, ते मी लिहीत नाही. दत्तोपंत न विचारताच म्हणाले, "अण्णा, नाव घाला, न्हाईतर कागद मोघम हुतोय." होऊ दे. गेल्या रविवारी त्यांच्या टेबलावर नीलाच्या नावाचा, सगळे रकाने भरलेला, मास्तरणींच्या एका ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म मी पाहिला. खाली पालक म्हणून त्यांची सही होती. नीलाला विचारले, तर ते कॉलेज कुठल्या गावाला आहे हेही पोरीला ठाऊक नव्हते. म्हणून लिहितो की तिने गावातले घ्यावे, पुण्याचे घ्यावे, मुंबईचे घ्यावे. एक सोडून दुसरे धरावे. नापास झाली तरी मास्तरांनी भाडे तिला देणे थांबवू नये. शहाण्या निवडीला गावभर मदतनीस मिळतात. चुकली तर तिला कोण विचारणार आहे?

कलम ३. माझी हत्यारांची पेटी उचगावच्या मष्णूला द्यावी. कॉलेजात मी तीन वर्षे घोडे शिकलो. पलटणीचे घोडे, टांग्याचे घोडे, साहेबांचे घोडे. पुढे अडतीस वर्षे पाहिल्या म्हशी. उचगावातली माझी पहिली म्हैस पोट फुगून तडफडत होती आणि मी घोड्याच्या पोटदुखीचा उपाय आठवून तिला फिरवायला सांगितले. तेव्हा मिसरूडही न फुटलेला मष्णू म्हणाला, "म्हस हाय ही डाक्टर. घोड्यावानी फिरवून काय हुतंय? हितं टोचा." त्याने डाव्या कुशीवर बोट ठेवले, मी तिथे नळीची सुई टोचली, वारा सुटला आणि म्हैस वाचली. गावाने डॉक्टरची वाहवा केली. मष्णूने ती गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणून मी सांगतो.

कलम ४. भिंतीवरचे कॉलेजचे सर्टिफिकेट. त्याची काच मष्णूला देव्हाऱ्यातल्या तसबिरीसाठी हवी आहे, ती द्यावी. कागदाचे काय करायचे ते नीलाने ठरवावे.

कलम ५. हरिभाऊंनी मुक्या जनावरांच्या दयेपोटी वकिली सोडली, असे माझ्या सत्कारात एका गृहस्थांनी सांगितले. हे खोटे आहे. वडिलांनी मला न विचारता कायद्याची पुस्तके विकत आणली, त्याचा मला राग आला. बरोबरचा एक मित्र मुंबईला निघाला होता, त्याच्यासोबत गेलो. तो मित्र लोहाराच्या भट्टीचे शिक्षण घ्यायला निघाला असता, तर मी लोहार झालो असतो आणि तेही झोकात केले असते. मला पश्चात्ताप नाही. तेराव्याला कुणी गळा काढून ते दयेचे सांगितल्यास त्याला उठवून लावावे.

कलम ६. हे शेवटचे कलम दत्तोपंतांसाठी आहे, आणि ते मी भाऊ म्हणून लिहितो.

दत्तू, मी निघून गेलो म्हणून वडिलांच्या वकिलीच्या पाटीवरची जागा रिकामी राहिली. ती तुझ्याकडून भरली गेली. तू चित्रे काढायचास. कोर्टाच्या रद्दी कागदांच्या पाठीवर तू काढलेला बैल मी पाहिलेला आहे. तसा पाय उचललेला बैल मला कॉलेजच्या एकाही पुस्तकात दिसला नाही. ड्रॉइंग मास्तर तुला मुंबईला पाठवा म्हणून सांगायला घरी आले होते. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "दत्तू वकील होणार." मी सुट्टीला आलो होतो. दाराबाहेरच्या माझ्या पाटावर बसून पोहे खात होतो. तू माझ्याकडे पाहिलेस. मी बशीत पाहिले. मी सुटलो, एवढेच तेव्हा माझ्या मनात होते. लोक विचारतात, कॉलेजने तुमचे काय बदलले? माझे फारसे नाही. तुझे बदलले.

आता हा कागद. तू चाळीस वर्षे वकिली केलीस. यातल्या चुका तुला एका सकाळीत सापडतील आणि तू तो मोडशील. खुशाल मोड. फक्त त्याआधी नीलाला समोर बसवून एकदा विचार, "बाळ, तुला काय शिकायचंय?" आणि ती बोलेपर्यंत थांब. तुला हे कुणी विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि खाली सही केली आहे.

मुक्काम बेळगाव, बुधवार, तारीख १२ जून १९४६.

हरी रामचंद्र कणबर्गीकर
(सही)

साक्षीदार:
१. आण्णाप्पा, कापड दुकानदार, खडेबाजार (सही)
२. रवळू, शेतकरी, उचगाव (निशाणी डाव्या अंगठ्याची, मजकूर वाचून दाखवला, तो ऐकून दिली)