गोळ्या चालू असताना चावलेली गोचीड

नॅनटकेट बेट,
९ जून १९९६

ती. अल्थियाताईस,
ऑरिनचा सा. न. वि. वि.

गोचीड चावून झालेल्या त्या लाईमच्या आजाराच्या एकवीस दिवसांच्या गोळ्यांपैकी आठ दिवस झाले. मांडीवरचं लाल कडं फिकं पडलंय, गुडघाही वाकतो. काल त्याच गुडघ्यामागे नवी गोचीड सापडली. खसखशीएवढी, पण मान खाली घालून मजेत जेवत होती. चिमट्याने ओढून काढली. शिंपले काढायला अर्ध्या चड्डीत झुडपांतून गेलो हे कळलं तर विनी नवऱ्याला फाडून खाईल, म्हणून तिला बोललो नाही. डॉक्टरीणबाईंना तरी काय सांगायचं? रक्तात औषध भरलंय, मला चावून ती गोचीडच मेली असेल बिचारी. तीस वर्षं शाळेत नर्स होतीस, एवढं तर तुला कळत असेल.

माया आहे तेवढी राहू दे, उपदेश कमी केलास तरी चालेल.
तुझा ऑरिन


वुस्टर,
१४ जून १९९६

चि. ऑरिनला अ. उ. आ. तुझ्या पुढच्या पत्रानंतर याचा अर्थ 'अक्कल उशिरा आली' असा निघो.

अरे शहाण्या, गोळ्या लाईमवर आहेत, गोचिडीवर नाहीत. त्याच गोचिडीत आणखी एक जंतू असू शकतो. तो रक्तपेशींत घुसतो, हिवतापासारखा ताप आणतो आणि तुझ्या गोळ्यांना भीक घालत नाही. धडधाकट माणसाला तो कधीकधी जाणवतही नाही. पण असले जंतू रक्तातून गाळणारी प्लीहाच तुला नाही. तू सहा वर्षांचा होतास, काकाच्या तबेल्याच्या माळ्यावरून मी तुला ढकललं आणि ती फुटली. हे लिहायला मला आवडत नाही. गोळ्या पुऱ्या कर आणि डॉक्टरीणबाईंना आजच सांग.

रागावलेय, पण तुझीच,
ताई


नॅनटकेट,
२७ जून १९९६

ती. ताईस सा. न.

अक्षर हलतंय ते हुडहुडीमुळे. ऐन जूनमध्ये लोकरी टोपी घालून बसलोय. विनी म्हणते फ्लू. मीही मान डोलावली. लघवी काळ्या चहासारखी होते, पाणी कमी पीत असेन. डॉक्टरीणबाईंनी विजार मोज्यांत खोचायला दोनदा बजावलं होतं. आता कुठल्या तोंडाने जाऊ? बघू पुढच्या आठवड्यात.

लोभ गरम पांघरुणासकट पाठव.
ऑरिन


बॉस्टन,
२ जुलै १९९६

ती. वन्संना विनीचा नमस्कार.

परवा तुमचा फोन ठेवला आणि ह्यांना सरळ गाडीत घातलं. ह्यांचं आपलं चालूच, की निदान दाढी करू दे. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा थेंब काचेवर पाहिला आणि विचारलं, नवी गोचीड कधी चावली. तारीख मीच सांगितली, तुमच्याकडून फोनवर कळलेली. तासाभरात विमानाने इथे आणलं. अंगातलं रक्त काढून दुसऱ्याचं भरताहेत, औषधंही वेगळी आहेत. काल त्यांनी मला ओळखलं नाही, वन्सं. शुद्धीवर आले की मी त्यांना सोडणार नाही. फक्त येऊ देत.

तुमचा आधार असू द्या.
विनी


बॉस्टन,
१६ जुलै १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाचलो. विनी गेले चार दिवस माझा उद्धार करतेय. नर्सा मुद्दाम ऐकायला येतात.

आणखी एक सांगायचंय. मेलो असतो तर राहून गेलं असतं. माळ्यावरून तू मला ढकललं नव्हतंस. तुझा हात लागला तेव्हा मी उडी मारलीच होती. छत्री घेऊन उडता येतं का ते बघायचं होतं. तू रडत सगळ्यांना सांगत सुटलीस, मग माझ्या वाट्याची कोंबड्यांची खुराडी झाडायला लागलीस, तुझा केक मला द्यायला लागलीस. मी गप्प बसलो. पुढे सांगायची लाज वाटली.

लोभ उरला असेल तर कळव.
ऑरिन


वुस्टर,
१९ जुलै १९९६

ऑरिन,

पत्र दोनदा वाचलं. बावन्न वर्षं! तुझ्या प्रत्येक शिंकेला मी थर्मामीटर शोधत सुटायचे. मी नर्स कशामुळे झाले, कधी विचार केलास? मला चित्रं काढायची होती, गाढवा.

तू घरी पोचलास की शनिवारच्या बोटीने येतेय. ताप पुरता उतरेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. तो उतरला की विनीला म्हणावं, दारं-खिडक्या लावून घे.

तूर्त आशीर्वाद. बाकीचं समक्ष.
ताई